फोनमधला फेरफार आणि चावडीवरची नोटीस

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

शेताच्या सातबाऱ्यावर एखादे नाव चढायचे किंवा उतरायचे असेल, तर त्याची एक रीत ठरलेली आहे. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेरफार नोंदवहीत नोंद घेतात. त्या नोंदीची प्रत चावडीवर लावली जाते. ज्यांचा त्या जमिनीशी संबंध आहे त्यांना लेखी कळवले जाते. कोणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत ती नोंदवायची आणि मगच मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० मध्ये हे सारे लिहून ठेवले आहे. प्रत्यक्षात किती गावांत किती नोटिसा कोण वाचतो, हा भाग वेगळा. पण आपल्या मालकीच्या वस्तूत बदल होणार असेल तर आपल्याला आधी कळले पाहिजे, हे तत्त्व आपल्या गावगाड्याने कधीचेच मान्य केलेले आहे.

आता या सातबाऱ्याशेजारी आपला मोबाइल ठेवून पाहा. रात्री चार्जिंगला लावला, सकाळी उचलला, तर पडद्यावर एक ओळ : अपडेट पूर्ण झाले. काय बदलले? कॅमेरा जिथे होता तिथे नाही, अक्षर बारीक झाले, फोन थोडा संथ चालतो आहे, की हा नुसताच भास? हरकत घ्यायची तर कोणाकडे? फोन आपला, पैसे आपण मोजलेले, आणि फेरफार मात्र परस्पर मंजूर!

शहरातल्या माणसाला हे थोडे गमतीचे वाटेल. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मात्र फोन हे आता अनेकांचे कामाचे अवजार आहे. वनरक्षकाची गस्त फोनवर नोंदली जाते. अंगणवाडीतल्या ताईंचे वजन-उंचीचे रजिस्टर फोनात गेले. मजुरी आणि पिकाचे अनुदान जमा झाल्याचा निरोप फोनवरच येतो. कुऱ्हाडीचा दांडा कोणी रात्रीतून बदलून ठेवला तर सकाळी लाकूडतोड्या पहिला प्रश्न विचारील, ‘दांडा कोणी बदलला, आणि का?’ तो प्रश्न फोनच्या बाबतीत विचारायची सवय आपल्याला लागलेली नाही.

आधी अपडेट म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. फोन हे एक घर आहे असे समजा. घराचा पाया आणि भिंती म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. आपल्याकडच्या बहुतेक फोनांत ती अँड्रॉइड असते. त्या घरात भाडेकरू येऊन राहतात, ती ॲप्स. आणि स्क्रीन, बॅटरी, कॅमेरा, बोटाचा ठसा ओळखणारी काच हे घरातले नळ, दिवे, कुलपे. अपडेट यांपैकी कशालाही हात लावू शकते. लोकांना वाटते की फोन उघडल्याशिवाय त्याच्या भागांत बदल होत नाही. तसे नाही. बॅटरी किती भरायची, प्रोसेसर किती वेगाने पळवायचा, ठसा ओळखणारी काच खरी मानायची की नाही, हे सारे सॉफ्टवेअर ठरवते. पेचकस न लावता बॅटरीची ताकद कमी करता येते, आणि तशी केलीही गेली आहे.

आपल्या राज्यातलेच उदाहरण आधी घेतो, कारण त्यात कंपनीपेक्षा सरकारची गोष्ट अधिक आहे. केंद्र सरकारने १ मार्च २०२१ पासून अंगणवाड्यांसाठी ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आणले. त्याआधी दुसरे ॲप होते. सेविकांना त्यासाठी फोन आधीच मिळालेले होते, दोन जीबी रॅमचे. म्हणजे फोन जुन्या कामाच्या बेताने घेतलेले आणि काम मात्र नवे. नवे ॲप उघडताना फोन अडकायचा, तापायचा, बंद पडायचा. दुरुस्तीचा खर्च ताईंच्या माथी. त्यात ॲप इंग्रजीत! लाभार्थी बाळाचे नाव, आईचे नाव, वजन, हे सगळे इंग्रजीत भरायचे. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी ते फोन सरकारला परत करण्याचे आंदोलन केले. मराठीच्या मुद्द्यावरून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंतही गेले.

या आंदोलनाची बातमी तेव्हा मानधन आणि फोनचा दर्जा अशा अंगाने छापून आली, आणि ते बरोबरच होते. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ॲप बदलले तेव्हा त्या फोनवर ते चालेल का, किती जागा खाईल, कोणत्या भाषेत असेल, हे वापरणाऱ्या बाईला आधी कोणी सांगितले होते? चावडीवर नोटीस लागलीच नाही. हरकतीचे पंधरा दिवस नाहीत, तर मग फोन परत करणे हीच काय ती हरकत उरली.

पुढे पोषण ट्रॅकर मराठीसह अनेक भाषांत आले, हे नोंदवले पाहिजे. ती भाषाही अपडेटमधूनच आली. पण त्याच वाटेने आणखीही काही आले. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार, म्हणजे टीएचआर, देताना लाभार्थ्याचा चेहरा ॲपमध्ये पडताळणे सक्तीचे झाले. आहार आहे सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळासाठी, गरोदर आणि स्तनदा मातेसाठी. आता भामरागड किंवा एटापल्लीच्या आतल्या एखाद्या पाड्याची कल्पना करा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. रेंजसाठी टेकडीवर किंवा मोठ्या रस्त्यावर यावे लागते. अशा ठिकाणी अपडेट उतरवून घेणे हेच एक दिवसाचे काम. ते उतरले नाही तर ॲप उघडत नाही किंवा जुन्या रीतीने नोंद घेत नाही. आणि उतरले तर काय बदलले हे कळण्याआधी दारात आहारासाठी आलेली आई उभी. तिचा चेहरा जुळत नाही हे तिला सांगणार कोण? गावातली तीच ताई. ॲप बनवणारा दिल्लीत, रोष गल्लीत.

वनखात्याकडे पाहू. व्याघ्र प्रकल्पांत गस्तीसाठी ‘एम-स्ट्राइप्स’ नावाची प्रणाली आहे. वनरक्षक फोन घेऊन चालतो, वाट आपोआप नोंदली जाते, पगमार्क, विष्ठा, झाडावरचे ओरखडे दिसले की तिथल्या तिथे नोंद होते. दर चार वर्षांनी होणाऱ्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २०१८ पासून या ॲपचा वापर सुरू झाला. ताडोबासारख्या ठिकाणी, जिथे वाघ आणि गाव यांत कधी कधी एक नालाच काय तो आड असतो, तिथे ही नोंद फार मोलाची. मोजणीची एक शिस्त असते : मोजायचे माप मध्येच बदलायचे नाही आणि बदललेच तर वहीत तारीख घालून लिहायचे. कागदी तक्त्यात रकाना वाढला तर डोळ्यांना दिसतो. ॲपमधला रकाना बदलला तर तो नवीन आहे हे नवख्या वनरक्षकाला कळणारही नाही. म्हणून अशा ॲपच्या प्रत्येक आवृत्तीचा क्रमांक आणि त्यात काय बदलले याचा कागद रेंज ऑफिसात लावलेला असणे हा मला हट्ट वाटत नाही.

आता खासगी कंपन्यांकडे वळू. फोनच्या भागांची खरी गोष्ट तिथे आहे.

चंद्रपूर, बल्लारपूर, वडसा, गडचिरोली, कुठल्याही बाजारात जा. मोबाइल दुरुस्तीची टपरीवजा दुकाने रांगेने दिसतील. फुटलेली स्क्रीन घेऊन गेलात की दुकानदार विचारतो, ‘ओरिजनल कॉम्बो टाकू की कॉपी?’ कॉम्बो म्हणजे डिस्प्ले आणि टचची जोडलेली काच. आपण खिशाकडे पाहून उत्तर देतो आणि विसरून जातो. फोन मात्र विसरत नाही. अनेक भागांना स्वतःचा क्रमांक असतो आणि फोनची मुख्य पाटी तो ओळखते. दुरुस्तीनंतर फोन महिनोन्‌महिने नीट चालतो आणि एके दिवशी अपडेट आले की त्याला नवा भाग परका वाटू लागतो.

२०१६ च्या सुरुवातीला जगभर असे झाले. आयफोन ६ ची बटणाजवळची ठसा ओळखणारी काच ज्यांनी बाहेर दुरुस्त करून घेतली होती, त्यांनी अपडेट घेतले आणि फोनवर ‘एरर ५३’ असा आकडा उमटून फोन निपचित पडला. आतले फोटो, नंबर, सगळे अडकले. आधी कंपनीने सुरक्षेचे कारण सांगितले. चोराने काच बदलून फोन उघडू नये, वगैरे. मग ओरड झाली तेव्हा फेब्रुवारी २०१६ मध्ये माफी मागून फोन पुन्हा चालू करणारे अपडेट दिले. ऑस्ट्रेलियात मात्र प्रकरण तिथे थांबले नाही. बाहेर दुरुस्ती केली म्हणून ग्राहकाचा हक्क जातो, असे लोकांना सांगितल्याबद्दल तिथल्या न्यायालयाने २०१८ मध्ये ॲपलला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

दुसरी गोष्ट बॅटरीची. जानेवारी २०१७ मध्ये आयफोनचे एक अपडेट आले. जुन्या झालेल्या बॅटरीला एकदम जास्त वीज मागितली की फोन अचानक बंद पडतो. तो पडू नये म्हणून या अपडेटने प्रोसेसरचा वेग कमी करण्याची सोय केली. उपाय म्हणून हा वाईट नव्हता. म्हाताऱ्या बैलाला चढावर हळू हाकावे, तसेच ते. पण मालकाला ते सांगितले नव्हते! लोकांना वाटले फोनच जुना झाला, आणि त्यांनी नवे फोन घेतले. प्रत्यक्षात नवी बॅटरी घालून भागले असते. वेग मोजणाऱ्या काही चिकित्सक मंडळींनी आकडे मांडले, तेव्हा डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने कबुली दिली, माफी मागितली, बॅटरी बदलण्याची किंमत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणली. मार्च २०१८ च्या अपडेटमध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारा रकाना आला. फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये अडीच कोटी युरोचा दंड केला आणि त्याचे कारण नेमके होते : अपडेटमुळे फोन मंदावू शकतो हे ग्राहकांना सांगितले नाही. इटलीने त्याआधी २०१८ मध्येच ॲपलबरोबर सॅमसंगलाही दंड केला होता, जुन्या फोनांवर त्यांना न पेलणारी अपडेट लादल्याबद्दल.

या धक्क्यांनंतर थोडी सुधारणा झाली. डिसेंबर २०२१ पासून आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कोणता भाग बदलला आहे आणि तो कंपनीचा आहे की अनोळखी, हे दिसू लागले. जुना फोन विकत घेणाऱ्याला ही माहिती मोलाची आहे, यात वाद नाही. दुरुस्तीवाल्या पोराच्या बाजूने पाहिले तर मात्र चित्र थोडे वेगळे दिसते. त्याने घातलेली काच उत्तम चालत असेल, तरी फोनवर ‘अनोळखी भाग’ अशी पाटी लागते आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे संशयाने पाहते. पाटी खरी असली तरी ती लावणाऱ्याचाच सुट्या भागांचा धंदा आहे, हेही ध्यानात ठेवावे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. दुकानदारासाठी आणि ग्राहकासाठी सोपा उपाय एकच : कोणता भाग बदलला, मूळ की कॉपी, आणि तारीख, हे बिलावर लिहून घ्यायचे. चिठोऱ्यावर लिहिले तरी चालेल.

अगदी अलीकडे, जानेवारी २०२५ मध्ये, गूगलने आपल्या पिक्सेल ४ए या जुन्या फोनला अपडेट दिले आणि काही फोनांच्या बॅटरीची साठवणक्षमता कमी केली. या खेपेला कंपनीने आधी कळवले, मोफत बॅटरी किंवा पैसे देऊ केले. नोटीस लागली खरी. पण नको म्हणायची सोय नव्हती, अपडेट आपोआपच उतरले.

आता भाडेकरूंकडे, म्हणजे ॲप्सकडे. प्ले स्टोअरवर प्रत्येक ॲपच्या पानावर ‘नवीन काय’ असा एक लहान मजकूर असतो. ॲप बनवणाऱ्याला तिथे प्रत्येक भाषेत ५०० अक्षरे लिहिता येतात. मराठीतही लिहिता येतात. पाचशे अक्षरे म्हणजे एका पोस्टकार्डाचा मजकूर. त्यात बहुतेक ठिकाणी काय लिहिलेले असते? ‘दोष काढले, काम सुधारले’, तेही इंग्रजीत. रस्त्यावर ‘काम चालू’ एवढाच फलक असावा आणि खड्डा कुठे ते कळू नये, तसा हा प्रकार. परवानग्यांचेही असेच. अँड्रॉइडमध्ये परवानग्यांचे गट असतात. मेसेज वाचण्याची परवानगी तुम्ही एकदा दिली असेल आणि पुढच्या अपडेटमध्ये त्या ॲपने मेसेज पाठवण्याचीही मागितली, तर गट एकच असल्यामुळे ती न विचारता मिळू शकते. ओसरीवर बसायला दिले आणि पाहुणा माजघरात निजला.

फोनात काय काय आधीपासून पेरलेले असते, याचा आपल्या देशाला एकदा चांगलाच प्रत्यय आला. ऑगस्ट २०१८ मध्ये हजारो लोकांना आपल्या फोनच्या यादीत आधारचा मदत क्रमांक आढळला. त्यांनी तो कधी साठवलाच नव्हता. आधार प्राधिकरण म्हणाले, आम्ही नाही टाकला. फोन कंपन्यांकडे बोटे गेली. शेवटी गूगलने सांगितले की २०१४ मध्ये भारतासाठी बनवलेल्या सुरुवातीच्या प्रणालीत तो क्रमांक आमच्याकडून चुकून राहिला. त्यातून कोणाचे नुकसान झाले नाही. पण चार वर्षे एक क्रमांक कोट्यवधी खिशांत फिरत होता आणि तो कसा आला हे एकाही मालकाला माहीत नव्हते.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग अपडेट घेऊच नये. तसे मुळीच करू नका. मजकूर त्रोटक ठेवण्यामागे कधी कधी योग्य कारण असते. गावातल्या कोणत्या घराची कडी सैल आहे हे सगळ्यांनी कडी बदलेपर्यंत चोराला कळू नये, म्हणून कंपन्या काही दिवस तपशील देत नाहीत. अँड्रॉइडची सुरक्षेची यादी ऑगस्ट २०१५ पासून दर महिन्याला प्रसिद्ध होते. आपल्या फोनला ती कधीपर्यंतची मिळाली आहे, हे सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ या भागात तारखेसह दिसते. तारीख दोन-तीन वर्षे मागची असेल तर त्या फोनवर बँकेचे ॲप ठेवताना विचार करावा.

आणि अपडेटच्या नावाखाली विषही येऊ शकते. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये कोणी घातक प्रोग्रॅम मिसळला. तो तिथून जगभर पसरला आणि आपल्या न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले एक टर्मिनल त्याने बंद पाडले. आपल्या पातळीवर याचे रूप साधे असते. व्हॉट्सॲपवर फाइल येते : अनुदानाचे नवे ॲप, गाडीचे चलन, लग्नाची पत्रिका, शेवटी ‘एपीके’ अशी तीन अक्षरे. ती दाबली की परके ॲप आत शिरते आणि बँकेचे ओटीपी वाचू लागते. खरे अपडेट प्ले स्टोअरमधून किंवा फोनच्या सेटिंग्जमधून येते. ओळखीच्या गुरुजींनी पुढे पाठवले म्हणून फाइल खरी ठरत नाही, कारण गुरुजींचाही फोन कोणाच्या तरी ताब्यात गेलेला असू शकतो.

ज्यांचे काम एखाद्या ॲपवर अडते, त्यांनी प्ले स्टोअरमध्ये त्या एका ॲपपुरते आपोआप अपडेट बंद करून ठेवावे आणि रेंज व वेळ असेल तेव्हा, आधी ‘नवीन काय’ वाचून, हाताने घ्यावे. काही सरकारी ॲप्स जुनी आवृत्ती चालू देत नाहीत, तिथे इलाज नाही. पण निदान भरलेली माहिती आधी पाठवून मोकळे व्हावे. अपडेटनंतर परवानग्यांची यादी एकदा चाळावी. हे सगळे पाच मिनिटांचे काम आहे.

व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा सांगतो की आपली माहिती घेताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय हवी. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि सूचनेची तरतूद त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहे. अनुसूचीत बावीस भाषा आहेत. मराठी आहे. संथाळी आहे, बोडो आहे. गोंडी नाही, माडिया नाही. म्हणजे भामरागडच्या आईला चेहऱ्याचा फोटो कशासाठी घेतला हे तिच्या बोलीत सांगण्याचे काम पुन्हा अंगणवाडीतल्या ताईंकडेच येणार. ते त्या करतीलही, आजवर सगळे त्यांनीच समजावून सांगितले आहे. मात्र त्यासाठी बदल त्यांच्या हाती आधी पडला पाहिजे, मराठीत आणि कागदावर. तालुक्याच्या प्रकल्प कार्यालयाकडे तसा अर्ज करता येतो, ग्रामसभेत विषयही घेता येतो. आणि प्ले स्टोअरवर प्रत्येक ॲपच्या पानावर बनवणाऱ्याचा ई-मेल पत्ता दिलेला असतो. सरकारी ॲपच्याही पानावर असतो. त्यावर मराठीत लिहिले तरी चालते.